पाच बटणं

तेरा वर्षं तो गाण्याचा कार्यक्रम मी एकदाही चुकवला नाही. यंदा माझी भाची कस्तुरी त्यात गेली आणि तिसऱ्याच फेरीत बाहेर पडली.

"आत्या, गाणं एकदाच म्हणवून घेतलं," ती फोनवर म्हणाली. "बाबांच्या मरणावर मात्र तीनदा रडवलं. दोनदा कॅमेरा नीट लागला नाही म्हणे."

तिचे बाबा म्हणजे माझा पाठचा भाऊ.

आमच्या टीव्हीला टीआरपी मोजणारा डबा आहे. आमचं एक घर हजारो घरांच्या जागी धरतात. रिमोटवर प्रत्येकाचं एक बटण. बघायला बसलं की दाबायचं.

काल महाअंतिम फेरी सुरू झाली. मी दुसरं चॅनल लावलं, घरातल्या पाचही जणांची बटणं दाबली आणि भाकऱ्या थापायला गेले.

रडा म्हणावं आता. तीनदा.