मधली जागा

गोदूबाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. "डब्यात बसून बोलतायत. मला उभे पायजेत."

विनोदनं आवाज बंद केला. बोईसरच्या दुकानातून स्पीकरच्या दोन जोड्या टेम्पोत घालून तो मुरबे गावात त्यांच्या घरी आला होता. मोठी जोडी लावली तशी कीर्तनातल्या मृदंगानं कौलं हादरली आणि बुवांचे शब्द बुडाले. ती परत टेम्पोत गेली. ही लहान जोडी आवाजाला स्वच्छ होती, तरी बाईंचं समाधान होईना.

बाईंचे मालक नवशाबुवा पंचक्रोशीतले कीर्तनकार. पुतण्यानं त्यांचं एक कीर्तन देवळात रेकॉर्ड करून ठेवलं होतं, तेच लावायचं होतं. वर्षभर या घरात नाम उभं राहिलं नव्हतं. फळीवर चिपळ्या, भिंतीवर बुवांचा फेट्यातला फोटो, खाली ताटात बुक्का आणि ताजा हार. विनोदनं अधिक काही विचारलं नाही. आज जमलं नाही तर चिपळ्या देवळात देऊन टाकायच्या असं घरात ठरलंय, एवढं बाईंनी फोनवरच सांगितलं होतं.

त्यानं स्पीकर भिंतीपासून दोन हात पुढे ओढले, तोंडं समोरच्या खुर्चीकडे वळवली. खोली घुमत होती, म्हणून बाईंनी मासेमारीच्या जुन्या जाळ्यांचा ढीग कोपऱ्यात आणून रचला. घुमणं थांबलं. आणि दोन स्पीकरांच्या मधून, मोकळ्या जमिनीवरून, बुवा बोलू लागले.

"बघा मावशी, मधे काहीच नाही, आणि आवाज तिथूनच येतोय."

"येतोय. पण बसलेत अजून." खुर्चीत बसूनच त्यांनी हात आपल्या डोक्यावर वीतभर वर धरला. "तोंड इथं हाय त्यांचं."

स्पीकर ऐकणाऱ्याच्या कानाला समपातळीत ठेवतात, हे विनोदनं दोनदा समजावून पाहिलं. बाई हटल्या नाहीत. शेवटी मासळीच्या रिकाम्या पेट्या एकावर एक रचून त्यानं दोन्ही स्पीकर उंच चढवले आणि जरासे खाली कलते केले. तेवढ्यात बाईंनी मधल्या जागेवर घडीची सतरंजी अंथरली.

"मधे कोण उभं राहिलं तर आवाज अडेल?"

"बरोबर मधे असेल तर नाही. पण खरी मजा या एका खुर्चीतच. बाजूला सरकलात की बिघडलं."

"मी एकटीच ऐकणार हाय. चाळीस वर्षं देवळामागं चहाच्या पातेल्याशी बसून ऐकलं. समोर बसले नाय कदी."

फोटोला हार घालावा म्हणून विनोदनं ताटाकडे हात नेला.

"थांब बाला. आदी आवाज उभा राहू दे."

त्यानं पुन्हा सुरुवातीपासून लावलं. बाई खुर्चीत बसल्या, डोळे मिटले. नामघोष सुरू झाला तसे त्यांचे हात आपसूक जुळले.

"उभे राहिले," त्या हळूच म्हणाल्या. "आता बंद कर. परत पयल्यापासून लागू दे, पण मी सांगेन तवा."

त्यांनी हार हातात घेतला आणि आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "या. जागा झाली तुमची."

दार उघडलं. फेटा बांधलेले नवशाबुवा सतरंजीवर येऊन उभे राहिले. आवाज घेऊन गेलेल्या ऑपरेशननं गळ्याला पडलेल्या भोकावर त्यांनी उपरणं सारखं केलं, हारासाठी मान लववली, फळीवरच्या चिपळ्या घेतल्या आणि तोंड उघडून विनोदला बोटानं खूण केली.