वाटीभर मीठ

"मिठू, आज स्वतःला परत विकत घेऊन टाक," मावशी म्हणाली. उशीवरून मान उचलवत नव्हती, पण आवाज अजून भाजीच्या गाडीपाशी घासाघीस करणाऱ्या बाईचा होता.

मावशी म्हणजे समोरच्या दारातली शेजारीण. मिठूच्या आईची दोन बाळं पाठोपाठ गेली होती. तिसरी झाली तेव्हा आईने धास्तीपोटी तिला समोर नेलं आणि वाटीभर मिठाला मावशीला विकून टाकलं. मरण पुन्हा दाराशी आलंच, तर या घरात मूलच नाही असं सांगता यावं म्हणून. पोर जगली की मीठ परत करून सोडवून न्यायची, असं ठरलं होतं. पोर जगली, पण आईला तेवढा धीर कधी झालाच नाही, आणि आता तर आईच नव्हती. मिठू दोन्ही घरी जेवली, दोन्ही घरची बोलणी खाऊन मोठी झाली. नाव ऐकून लोकांना पोपट आठवायचा. मीठ कुणालाच ठाऊक नव्हतं.

मिठू शब्दकोशाच्या कचेरीत कामाला होती. सध्या तिच्या वाट्याला इंग्रजी 'बाय' आला होता. दुकानातला, निरोपाचा नव्हे. साधं 'विकत घेणे', चुटकीसरशी उरकेल असं तिला वाटलं होतं. पण तो पिच्छाच सोडेना. लाच देऊन माणूस वळवायचा, थोडा वेळ पदरात पाडून घ्यायचा, कुणी सांगितलेलं खरं मानायचं, सगळीकडे हाच हजर. आणि मूळ शोधायला जावं तर जुन्या भाषांमधले चुलत भाऊबंद तेवढे सापडत होते, जन्मदाते नाहीत. संपादक म्हणाले, रोज बाजारात भेटणारा गृहस्थ, पण घर कुठलं ते कुणाला माहीत नाही; 'मूळ अज्ञात' लिहा आणि पुढे चला.

हे सगळं ती मावशीचे पाय चेपता चेपता सांगायची. त्यातला एकच अर्थ मावशीने मनात धरून ठेवला होता. फार पूर्वी दाम देऊन सोडवण्यालाही हाच शब्द वापरायचे.

"मग मी वेगळं काय सांगतेय?" मावशी म्हणाली. "माझ्या नावावर राहिलीस, तर मला न्यायला येणारा तुलाही उचलेल. जा, मीठ घेऊन ये."

मिठूने थट्टेवारी नेऊन पाहिलं. इतक्या वर्षांत माझा भाव वाढला असेल, म्हणाली. मावशी हसली नाही. तिला खरंच भीती वाटत होती, आणि ती स्वतःसाठी नव्हती.

मिठू समोर आपल्या घरात गेली. फळीवरून आईची वाटी काढली. मिठाची बरणी हाताशीच होती. तिने झाकण उघडलं आणि तिला रडू फुटलं. मीठ नेलं नाही तर मावशी तळमळत राहणार होती, आणि ते मिठूला बघवलं नसतं. पण नेलं की या जगात तिच्यावर हक्क सांगणारं कुणीच उरणार नव्हतं. आई गेली तेव्हा ती पोरकी झाली नव्हती, ती केवळ समोरचं दार होतं म्हणून. तिने डोळे पुसले, बरणीचं झाकण परत लावलं, आणि शेजारच्या डब्यातली साखर वाटीत ओतली.

मावशीला हल्ली नीट दिसत नव्हतं. मिठूने वाटी तिच्या छातीवर ठेवली आणि मीठ आणलंय म्हणून सांगितलं. मावशीने एका हाताने मिठूचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने वाटी चाचपली.

"बघू दे. फसवाफसवी नको."

तिने चिमूटभर घेऊन जिभेवर ठेवली. ओठ हलायचे थांबले.

"खारट आहे," मावशी म्हणाली. "सुटलीस बाई."

आणि मिठूचं मनगट न सोडता तिने आणखी एक चिमूट तोंडात टाकली.