पोटातलं पाणी

वाटणीवरून दोघा भावांचं बोलणं तुटलं, पण विहीर आणि पंप सामाईक राहिले. पंप सुरू करायचा तर धाकट्याने त्यात पाणी ओतायचं आणि ते उतरून जायच्या आत थोरल्याने पलीकडच्या खोपटातलं बटण दाबायचं. "भरलं का?" "हं, दाब." दिवसभरात एवढंच काय ते बोलणं.

तो पंप जळाला. मेकॅनिकने नवा बसवला. "याच्या पोटात पाणी साठून राहतं. आता ओतायची कटकट नाही, एकट्याचं काम!"

तेव्हापासून दोघे आपापल्या वेळेला विहिरीवर येऊ लागले. थोरल्याला जेवण गोड लागेना.

शेवटी एका पहाटे तो पाना घेऊन चोरपावलांनी निघाला. पंपाच्या तळाचं बूच काढलं की साठलेलं पाणी वाहून गेलं असतं, आणि पुन्हा ओतायला कुणीतरी लागलं असतं.



पंपापाशी धाकटा आधीच उकिडवा बसला होता, काढलेलं बूच मुठीत धरून.