डाव्या हाताचा चाकू

सावंतवाडीच्या बाजारातलं हे तिसरं दुकान. सामंतबाईंनी आणखी एक घडीचा चाकू उघडायला घेतला आणि पुन्हा अंगठ्याचं नख घसरलं. पातं ओढायची खाच उजव्या हाताच्या सोयीने केलेली, आणि बाई डावखुऱ्या.

“करायचंय काय याचं?” दुकानदार नार्वेकरांनी विचारलं.

“लाकूड तासत बसायचंय. चमचे, पक्षी, जमेल ते. शाळेतून निवृत्त झालेय आता.”

“विरंगुळाच ना बाई? मग उजव्या हाताने तासा की!”

बाईंनी चाकू काउंटरवर आपटला.

“लिहिणं, जेवणं, हळदीकुंकू लावणं, सगळं मार खाऊन उजव्या हाताने शिकले. एवढं एक तरी माझ्या हाताने करू द्या!”

नार्वेकरांनी हात बदलून, डाव्या हाताने तोच चाकू उघडून पाहिला. नख दोनदा घसरलं. मग शिडी लावून ते माळ्यावर चढले आणि धुळीने माखलेला एक खोका घेऊन उतरले. त्यातल्या चाकूच्या पात्याला दोन्ही बाजूंनी खाच होती.

बाईंनी तो उघडला. मिटला. पुन्हा उघडला.

“बांधून देऊ?”

“थांबा जरा,” त्या म्हणाल्या. “अजून एकदा.”