सहा तासांच्या आत

उरलेलं आयुष्य समाजासाठी वेचायचं, असा निश्चय करून हेर्लेकर सर निवृत्तीनंतर सेवा क्लबचे सभासद झाले. त्या आठवड्यात त्यांच्याशी दोन वाक्यांहून जास्त बोललेला एकमेव माणूस म्हणजे क्लबचे सेक्रेटरी, हेही एक कारण होतं.

पहिल्याच बैठकीत हार घालून झाल्यावर सेक्रेटरींनी नेत्रदानाचा फॉर्म पुढे केला. नव्या सभासदाने तो भरायचाच, अशी क्लबची प्रथा. सरांनी आनंदाने सही केली.

"फक्त घरी सांगून ठेवा हं, सर. माणूस गेल्यावर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला फोन गेला पाहिजे. नाहीतर डोळे वाया."

"फोन कोणी करायचा?"

"घरच्यांनी."

"घरी मी एकटाच असतो."

"मग तुम्हीच करा," सेक्रेटरी सवयीने म्हणाले आणि हातातला समोसा तसाच धरून थांबले.

सरांनी घसा खाकरला. "क्लबातून कोणी केला तर चालेल?"

"चालेल म्हणजे काय? आता आम्हीच तुमचे घरचे. तुम्ही दिसला नाहीत, तर आधी आम्हीच विचारणार, सर कुठे आहेत म्हणून."

सरांना कित्येक वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं. 'जवळचे नातेवाईक' हा रकाना त्यांनी कोरा सोडला होता. तिथे वळणदार अक्षरात क्लबचं नाव लिहून ते हार गळ्यात तसाच ठेवून चालत घरी गेले.

क्लबची बैठक महिन्यातून एकदा, दुसऱ्या गुरुवारी असते.