दहावा पट्टा

बेटावर दहा जिवंत माणसं असली तरच बिनमाणशी लाँच धक्क्याला लागायची. मोजणी मनगटावरच्या, नाडी आणि अंगाची ऊब टिपणाऱ्या पट्ट्यांवरून व्हायची. म्हणून पोसूनाखवा गेला तेव्हा त्याची बायको हिराबाई हिने त्याचा पट्टा सोडवून शेळीच्या पायाला बांधला. "जीव तो जीव," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी सुनेला कळा सुरू झाल्या. तिला धक्क्यावर आणलं. शेळीही मागोमाग आली. लाँच वीस हातांवर थांबली आणि बोलली, "एका रहिवाशाला तीन दिवस ताप आहे. साथीचा संशय. एकवीस दिवस कोणालाही घेता येणार नाही."

"ताप कोणाला, आये?" सुनेने कण्हत विचारलं.

खरं सांगावं तर माणसं नऊच उरत होती. दहावं अजून पोटात होतं. हिराबाईने शेळीच्या अंगावर हात ठेवला. ते नेहमीइतकंच, माणसाहून जरा जास्त गरम होतं.