जाळीला हात लावायचा नाही

सोलमधल्या त्या उताराच्या गल्लीत माक्रे आजी रोज सकाळी चिमटा घेऊन पावसाळी गटाराची जाळी साफ करायच्या. सिगारेटची थोटकं, कॉफीच्या पेल्यांची झाकणं, पानं, सगळं उचलायच्या. त्यांची तळघरातली खोली तिथेच होती, रस्त्याला टेकलेल्या खिडकीची.

पालिकेचा थेगून मात्र वैतागला. कचरा नदीत जाण्याआधी किती अडतो ते मोजायला त्यानं त्या गटारात नवी बारीक जाळी बसवली होती.

"आजी, तुम्हीच सगळं उचलून नेलंत तर मी वजन कशाचं करू, तुमच्या चिमट्याचं? मोठा पाऊस होईपर्यंत जाळीला हात लावायचा नाही."

"बरं बाबा, नाही लावत. पण पाऊस पडला की धिरडी खायला यायचं हं, साहेब."

शनिवारी पाऊस कोसळला. जरा ओसरताच थेगून उताराच्या तळाशी गेला आणि गटार नदीला मिळतं तिथलं पाणी त्यानं बाटलीत भरलं. नितळ! एक थोटूक नाही. आजींना दाखवायला तो बाटली नाचवतच चढ चढला.

वर रस्त्यावर पोटरीभर पाणी तुंबलं होतं आणि आजींच्या खिडकीतून आत कोसळत होतं. आत पिठाचं पातेलं तरंगत होतं. आजी जिन्याच्या वरच्या पायरीवर ओल्याचिंब बसल्या होत्या.

थेगूननं बाटली पाठीमागे लपवली. त्याला पाहून आजींनीही मांडीवरचा चिमटा घाईघाईनं पाठीमागे लपवला.

"नाही हो साहेब, मी हात नाही लावला. शपथ."